बर्फावर भरताचा जाळ

आमच्याकडे फैजपूरच्या बाजूला जानेवारीत गारठा जरा वाढला, की माणसं शेकोटीला हात धरून म्हणतात, "आता फक्त बर्फ पडायचा बाकी आहे." मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. बर्फ पडणं फार किरकोळ आहे. बर्फावर उभं राहणं, आणि पायाखाली खोल पाणी आहे हे माहीत असताना उभं राहणं, ते वेगळं.

सुटीवर घरी आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो: तिकडं तळ्यावर माणसं चालतात, भोक पाडून मासे धरतात, हे खरं का? खरं आहे. मी स्वतः चाललो. पण ती हकीकत ओट्यावर बसून सांगायला गेलो की मध्येच मी उठून पाणी प्यायला जातो. म्हणून लिहून काढतो. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकाचाका निघतील. सांभाळून घ्यावं.

काचेचं शेत

मी केळीच्या बागांना ठिबकच्या नळ्या जोडणारा माणूस. त्याच कामाच्या ओळखीतून फिनलंड देशात काकडीच्या हरितगृहात काम लागलं. हरितगृह म्हणजे काचेचं शेत. बाहेर दुपारीच अंधारून येतं, झाडांच्या फांद्या बर्फानं वाकलेल्या. आणि आत दिव्यांचं ऊन, अंगात नुसता बनियन, नळ्यांतून थेंब थेंब पाणी. आत असलो की मला वाटायचं, मी गावाच्या शिवारातच आहे. दार उघडलं की नाकातले केस गोठायचे.

माझ्याबरोबर कैलास होता. शिंदखेड्याकडचा, माझ्याहून लहान, घरी बायको आणि नुकती चालायला लागलेली पोरगी. तो अहिराणी बोलतो, मी आमची पूर्वेकडची बोली. दोघांची चेष्टा चालायची. त्याच्या आईनं पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मला सांगितलं होतं, "भाऊ, मन्हा कैलास धसमुसळ्या शे. तू मोठा शेस, त्याले संभाळजो." मी हो म्हटलं. सांभाळायला म्हटलं तर मला स्वतःलाच तिथं कोणीतरी सांभाळायला हवं होतं. विमानाच्या जिन्यापासून मला भीती वाटत आली होती.

ती सांभाळणारी भेटली. मार्याता नावाच्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्हाला खोली मिळाली. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. नवरा वारलेला, मुलगी दूरच्या शहरात. आम्ही त्यांना अक्का म्हणू लागलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या, कारण त्यांच्या भाषेत अक्का म्हणजे खाष्ट म्हातारी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला, मानाच्या बाईला म्हणतात, हे मोबाईलवर भाषांतर करून दाखवल्यावर म्हणाल्या, "दोन्ही अर्थ चालतील."

अक्काची भाकरी काळी, राय नावाच्या तिकडच्या धान्याची. रंगाला आपल्या ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीसारखी, चवीला आंबूस, आणि आठवडाभर टिकणारी. पहिल्या दिवशी मी ती मुकाट्यानं खाल्ली. नंतर मागून घेऊ लागलो. आमच्या घरी मासे चालत नाहीत हे कळल्यापासून अक्का दुधातलं माशाचं कालवण करायच्या, तेव्हा माझ्यासाठी बटाट्याचं वेगळं पातेलं चढवायच्या. कधी बोलून दाखवलं नाही. पातेलं दिसायचं, बस.

तळ्यावर पहिल्यांदा

घराच्या मागल्या दारापासून शंभरेक पावलांवर तळं. आम्ही आलो तेव्हा ते पाणी होतं. मग एक दिवस ते पांढरं मैदान झालं आणि त्यावर ठिपक्यासारखी माणसं बसलेली दिसू लागली.

एका रविवारी अक्का म्हणाल्या, चला. कैलास एका पायावर तयार. त्याचे मामा तापीत जाळी टाकतात. पाणी त्याला घरचं. मी काठावरच थांबलो. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, पाट, नाही तर नदी. पाण्यात उतरतात, पोहतात, बुडतात. पाण्यावर चालत कोणी नाही.

अक्कानं माझा हात धरला नाही. त्यांनी एक लांब लोखंडी पहार घेतली आणि पुढं दणका घातला. पांढरा चुरा उडाला. पुन्हा दणका. मग म्हणाल्या, एका दणक्यात पहार आरपार गेली तर मागं फिरायचं, आलो त्याच पावलांवर. नाही गेली तर एक पाऊल. मग परत दणका. असं त्या मला तळ्यावर घेऊन गेल्या, नवीन सुनेला घरात घ्यावं तसं.

त्यांनी त्या दिवशी बरंच शिकवलं. थोडं बोलून, थोडं मोबाईलवर, बरंचसं हातवाऱ्यांनी. काळा, काचेसारखा बर्फ भरवशाचा. दुधासारखा पांढरा, त्याच्यावर विश्वास अर्धा. ताजा हिमाचा थर पडला असेल तर खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून उलट जास्त जपायचं. जिथं ओढा तळ्याला मिळतो, पूल असतो, बोरूचं उंच गवत उभं असतं, तिथं खालचं पाणी हलतं; तिकडं जायचंच नाही. एकमेकांना चिकटून चालायचं नाही. पाठपिशवीचा छातीवरचा पट्टा उघडा ठेवायचा. पिशवीत कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून. कपडे कोरडे राहतात आणि पिशवी तरंगते.

आणि गळ्यात टोचण्या. लाकडी मुठीच्या, अणकुचीदार खिळ्यांच्या दोन, दोरीनं जोडलेल्या. माणूस आत गेला तर बर्फाची कड हाताला लागत नाही, घसरते. टोचण्या रोवून स्वतःला वर ओढायचं. त्या जाकिटाच्या वर लोंबत्या ठेवायच्या, आत नाही.

"बैलना गयामानी घंटी दिखस," कैलास हसला.

"घाल गप," मी म्हणालो.

अक्कानं हातानं फिरवायच्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडलं. काळं पाणी वर आलं आणि थांबलं. जाडी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरली. तेवढ्यात तळ्यातून एक आवाज गेला, लांबवर मालगाडीचे डबे आपटावेत तसा. मी खाली बसलो. अक्का म्हणाल्या, बर्फ पसरतोय, गातोय. गाणाऱ्याला भ्यायचं नाही.

मी मग वीतभर लांबीची काठी आणि दोरा घेऊन भोकाशी बसलो आणि मनातल्या मनात, मासा लागू नको रे बाबा, म्हणत राहिलो. कैलासला पट्ट्यापट्ट्यांचे सहा-सात मासे लागले. संध्याकाळी बटाट्याच्या पातेल्याशेजारी दुसरं पातेलं चढलं.

भरीत

जानेवारी उजाडला. घरून फोटो येऊ लागले. खानदेशात जानेवारी म्हणजे शेतात भरीत पार्ट्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोठाली वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काळं झालं की सोलून हिरव्या मिरचीबरोबर लाकडी बडगीत कुटायची, आणि पुरीबरोबर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर झाडाखाली बसून खायची. सोबत नातेवाईक, मित्र, कोणी व्यापारी, कोणी सालदार, सगळे एका पंगतीला. आमच्या गावचा फोटो आला त्यात माझी जागा रिकामी सोडून माझ्या भावानं तिथं ताट ठेवलं होतं. वात्रट आहे तो.

कैलासनं तो फोटो बघितला आणि म्हणाला, "भाऊ, आपुन आठेच करू." आठे म्हणजे इथं.

"कुठी? काकडीच्या झाडाखाली?"

"तळावर. बठ्ठा तळ आपला शे."

अक्काला विचारलं. त्यांना वाटलं गंमत आहे; मग कळलं की नाही. बर्फावर लोक शेगडी पेटवून चहा-कॉफी करतातच, त्यांच्याकडे पायांची लोखंडी परात होती. भूर्जाची वाळली लाकडं होती. दुकानातून जांभळी वांगी आणली. आमच्या बामणोदकडच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांच्या मानानं गरीब दिसत होती, पण वांगी होती.

रविवारी सकाळी ढग नव्हते. लख्ख ऊन, पण उबेचं नाही, नुसतं उजेडाचं. अक्कानं छोट्या घसरगाडीवर लाकडं, दोरी, पहार, सामान लादलं. परात रोवून दिली आणि घसरगाडी ओढत मासे धरायला तळ्यावरच पुढं गेल्या, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या लांब. जाताना मला म्हणाल्या, आग इथंच, तुम्ही इथंच.

मी त्या आगीवरून नजर काढेना. माझ्या डोक्यात एकच: बर्फ वितळणार, परातीसकट आपण खाली जाणार. दर दोन मिनिटांनी परातीखाली हात घालून बघत होतो.

"तू वांगं भाजी राहिना का बाळंतपन करी राहिना?" कैलास म्हणाला.

पण भाजणं जमेना. भूर्जाचं लाकूड संथ जळतं, वांग्याला नुसता धुरकट शेक लागायचा. साल सुरकुतत होतं, आतलं काही शिजत नव्हतं. भरताला भडका लागतो, एकदम उठणारा आणि एकदम बसणारा. कपाशीची काडी त्यासाठीच.

कैलास उभा राहिला. हात कपाळावर धरून त्यानं तळ्याच्या कडेला पाहिलं. तिथं बोरूचं गवत उभं होतं, माणसापेक्षा उंच, पिवळं, वाळून खडखडीत. उन्हात अगदी वेचणी संपलेल्या कपाशीच्या वावरासारखं दिसत होतं.

"हाई देख! काड्याच काड्या!"

मला काहीतरी खटकलं. अक्कानं बोरूचं काही सांगितलं होतं. पण डोळ्यांसमोर परात होती, भीती सगळी परातीत अडकलेली. मी म्हणालो, "अक्काले विचारू आधी."

"काड्या तोडाले कोन्ले इचारस का रे?" आणि तो निघाला. बांधावरून उठून दुसऱ्याच्या वावरातल्या काड्या उपटायला जावं, तसा. आपल्याकडे भरताला कोणाच्याही वावरातल्या काड्या घेतल्या तर कोणी काही म्हणत नाही. जाताना त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. टोचण्या आत राहिल्या.

बोरूत

आवाज फार झाला नाही. मी वांगं उलटत होतो. ओल्या फळीचा तुकडा पडावा तसं काही वाजलं, आणि मान वर केली तर पिवळ्या गवताच्या पुढं कैलासचं फक्त डोकं होतं.

मी धावलो. आमच्या गावात विहिरीत कोणी पडलं तर पहिला काय करतो? धावतो. मग सगळं गाव धावतं आणि विहिरीच्या काठावर दाटी होते. धावणं आपल्या अंगातच आहे. जो धावत नाही त्याला गाव नावं ठेवतं. मी धावत होतो, आणि पायाखालचा बर्फ काळ्याचा पांढरा होत होता, तो मला दिसतही होता.

मागून अक्काची आरोळी आली. "आलास!"

हरितगृहात काकडीचे वेल तारेवरून खाली सोडताना हा शब्द दिवसभर ओरडतात. खाली. मी विचार केला नाही. वेल सोडावा तसा मी खाली पडलो, पोटावर, हातपाय पसरून. छातीखाली बर्फ करकरला आणि थांबला.

कैलास आणि माझ्यात दोन बैलगाड्या मावतील एवढं अंतर होतं. त्याचं तोंड उघडं होतं, शब्द येत नव्हता, नुसती आत ओढलेली हवा. अक्कानं सांगितलं होतं, पहिल्यांदा थंडी माणसाचा श्वास पळवते. आधी तो परत आणायचा, मग बाकीचं.

"कैलास! श्वास घे! बाकी काही करू नको, नुसता श्वास घे! मी आहे इथं."

"भाऊ... भाऊ..."

"घे. सोड. घे."

त्याला श्वास आला. पण त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं, बोरूकडे होतं. दोन्ही हातांत त्यानं गवताचा जुडगा गच्च धरला होता आणि त्याच्या आधारानं पुढं जाऊ बघत होता. एक एक काडी कटकन तुटत होती.

"मागं फिर! माह्याकडे! आला त्या बाजूनं!"

"काड्या... धरेल शे..."

"सोड त्या काड्या!"

"बुडसू... सोडसू तं..."

पाण्यात माणसाच्या हाताला जे लागतं ते तो सोडत नाही, हे मलाही माहीत होतं. गवतापलीकडे ओढा तळ्याला मिळत होता, तिकडं बर्फच नव्हता, गवत धरून तो त्याच्याच जवळ चालला होता. मागं पाहिलं, अक्का घसरगाडी ओढत येत होत्या, पण लांब होत्या, आणि धावत नव्हत्या. भराभर चालत होत्या, पहार टेकवत.

मी गळ्यातून माझ्या टोचण्या काढल्या. काढताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. त्या गेल्या की माझ्याजवळ काही नव्हतं. मग जोरानं बर्फावरून सरकवल्या. त्याच्या खांद्यापाशी कडेला जाऊन थांबल्या.

"तुझी आई बघू राह्यली समज. मागं बघ. टोचण्या आहेत. एक हात सोड, फक्त एक."

त्यानं मान वळवली. एक हात सुटला. मग दुसरा. त्या क्षणी तो नाकापर्यंत खाली गेला आणि मी ओरडलो ते काय ओरडलो मला आठवत नाही. वर आला तेव्हा एक मूठ टोचणीवर होती.

"रोव! पाय मार! तापीत मारतो तसे, मागं, आडवा हो!"

पिशवी पाठीवर होती, ती त्याला उचलत होती. तो छातीपर्यंत वर आला आणि कड मोडली. परत. परत मोडली. पाणी बर्फावरून वाहत माझ्या बाह्यांत शिरलं. तिसऱ्यांदा कड टिकली. तेवढ्यात माझ्या बाजूला अक्का पोटावर आडव्या झाल्या, बस चालवणारी ती म्हातारी बाई, आणि पडल्या पडल्या त्यांनी फास केलेली दोरी अशी फेकली की पहिल्याच वेळी त्याच्या डोक्यावरून खांद्यात बसली. आम्ही दोघांनी ओढलं. तो बर्फावर आला आणि लगेच गुडघ्यावर उठू लागला.

"उठू नको! लोळ! लोळत ये!"

तो लोळत आला. पोतं लोळतं तसा. आमच्यापर्यंत आला तरी अक्कानं कोणाला उठू दिलं नाही; काळ्या बर्फापर्यंत आम्ही तिघंही सरपटत गेलो.

अक्काच्या स्वयंपाकघरात

घरी पोचेपर्यंत त्याच्या पँटीचा पत्रा झाला होता. अक्कानं आधी मदतीचा नंबर लावला, फोन टेबलावर बोलता ठेवला आणि कात्रीनं त्याचे कपडे कापून काढले. कोरडं पांघरूण, डोक्याला टोपी, कोमट गोड फळांचा रस. मी त्याचे हात चोळायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. चोळायचं नाही. कैलास दात वाजवत म्हणत होता, "गरम खोली... ती गरम खोली..." तिथं घरोघरी असते ती वाफेची खोली त्याला हवी होती. अक्कानं त्या खोलीच्या दाराला किल्ली लावली. इतक्या गारठलेल्या माणसाला एकदम तापवणं धोक्याचं, हळूहळूच आणायचा. दवाखान्याच्या गाडीतून आलेल्या दोघांनीही तपासून तेच सांगितलं आणि बराच वेळ बसून मग गेले.

अक्का रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या खुर्चीत बसल्या, मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ काही टाइप केलं. पडद्यावर हिंदी आलं. मी कैलासला वाचून दाखवलं: मी तुम्हाला बोरूकडे जाऊ नका म्हणाले होते. पण इथल्या कोणाला बोरूकडे जायचं कारणच नसतं. तुम्हाला कारण असेल, हे मी विचारलं नाही. का गेलास?

मग आम्ही त्यांना कपाशी सांगितली. काडी, भडका, वावर, सगळं. कैलासनं फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, काड्या पाहिल्या, आणि मान हलवली. म्हणाल्या, हुबेहूब.

त्याच्या आईचा रविवारचा फोन आला. कैलासनं टोपी काढली, केस सारखे केले आणि घेतला. "काय नही वं माय, सर्दी शे जराशी." फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मी पायथ्याशी बसून राहिलो. पांघरूण हलतंय का, एवढंच बघत.

परत तळ्यावर

सकाळी अक्का बाहेरून सुईसारख्या पानांच्या झाडाच्या हिरव्या फांद्या तोडून घेऊन आल्या. बर्फ फुटला की त्या जागेभोवती फांद्या रोवायच्या, तिथली रीत आहे. ज्याच्यामुळं फुटला त्यानं रोवायच्या, नाही तर जो पाहील त्यानं. त्यांनी मला जबरदस्ती केली नाही. फांद्या दाराशी ठेवल्या आणि बूट घालू लागल्या.

मीही बूट घातले.

कैलासला त्यांनी पडून राहायला सांगितलं होतं. तो ब्लँकेट गुंडाळून अक्काच्या वारलेल्या नवऱ्याचा लांब कोट घालून काठावर आला. दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं त्यानं घेतलं. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. काठावरच्या खुंटाला दोरीचा एक वेढा दिला आणि पहार घेऊन पुढं झाल्या.

दणका. पाऊल. दणका. पाऊल. मागून कैलासचा आवाज: "भाऊ, शेस ना?"

"आहे."

"शेस ना?"

"आहे रे."

भोक तिथं नव्हतं. म्हणजे होतं, पण रात्रीत त्यावर नवा पापुद्रा धरला होता आणि वर भुरभुर हिम पडलं होतं. नुसत्या मैदानासारखं मैदान. कोणी पोरंसोरं त्यावरून गेली असती. पापुद्र्यात कैलासनं धरलेला बोरूचा जुडगा तसाच उभा गोठला होता, तेवढीच खूण. अक्का लांबच थांबल्या. जाड बर्फावर गिरमिटानं छोटी छोटी भोकं पाडली, मी पोटावर पडून एकेक फांदी रोवली, वरून पाणी ओतलं, ते बघता बघता धरलं. गोल पुरा झाला तेव्हा पांढऱ्यात हिरवं कुंपण उभं राहिलं, लांबच्या काठावरूनही दिसेल असं.

मग उठलो आणि आलो त्याच पावलांवर मागं फिरलो. काठ लागला. पायाखाली माती होती, म्हणजे हिमाखालची माती, पण माती. अक्का चहा टाकायला पुढं गेल्या. कैलासनं खुंटावरचा वेढा काढला आणि माझ्या कमरेची दोरी हाताला गुंडाळत माझ्यामागून चालू लागला. अंगण आलं, पायऱ्या आल्या, दार आलं.

"आता तरी सोड ना रे ती," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे थोडी," तो म्हणाला.

तसेच दोघं आत गेलो.